बीपी न्हाय

शेळगावात छबूबाई कोण असं विचारलं, तर माणूस आधी क्षणभर थांबतो आणि मग म्हणतो, "गोकुळतात्यांची बहीण." त्यापुढं सांगण्यासारखं त्याला काही आठवत नाही. लग्न करून ती माळशिरसकडं गेली आणि चौथ्या वर्षी एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली. नवऱ्यानं दुसरी केली होती. त्याला आता चौतीस वर्षं झाली. गावाला त्यावर जे बोलायचं होतं ते पहिल्या दोन वर्षांतच बोलून झालं.

भावाच्या रानात, वस्तीच्या टोकाला, रस्त्यालगत तिची एक खोली आणि पुढं पडवी आहे. सकाळी शेपू-मेथीच्या जुड्या बांधायच्या, दुपारी वांगी निवडायची, क्रेट टेम्पोत चढले की हात धुवायचे. स्वयंपाक ती स्वतःचा स्वतः करते. एकटीच्या पिठल्याला असा किती वेळ लागतो. गावातल्या सुना तिला वन्सं म्हणतात आणि त्यांची मुलं आत्या. गावाची लेक गावातच राहिली की ती सगळ्यांचीच वन्सं आणि सगळ्यांचीच आत्या होऊन बसते, आणि मग मुद्दाम तिला भेटायला जावं असं कुणालाच वाटत नाही. रस्त्यानं जाणारा मोटारसायकलवरूनच हाक टाकतो, "आत्या, बरं हाय ना?" तिचं "व्हय रं" होईपर्यंत गाडी कॅनॉलच्या पुलावर गेलेली असते.

दीड वर्षापूर्वी अविराज नावाचा एक तरुण बारामतीहून आला. इस्त्रीचा शर्ट, पाठीवर मोठी सॅक, बोलणं तुपातलं. गुडघेदुखीचं चूर्ण, साखरेच्या कॅप्सूल, कंबरेचे पट्टे असलं काय काय त्याच्याकडं होतं. गोकुळतात्यांच्या अंगणात बसून त्यानं सांगितलं की कंपनीला प्रत्येक गावात एक तपासणी केंद्र उघडायचंय. रस्त्याकडेची जागा पाहिजे आणि दिवसभर घरी असणारं माणूस पाहिजे.

छबूबाईची भावजय संजीवनी चहाचे कप उचलत म्हणाली, "मग वन्संच्या पडवीत उघडा की. त्या कुटं जात्यात."

अशा रीतीनं ते केंद्र छबूबाईकडं आलं.

अविराजनं तिला पाऊण तासात सगळं शिकवलं. पट्टा कोपराच्या वर दोन बोटं, नळी आतल्या अंगाला, हात छातीच्या उंचीला, आणि मशीन गुरगुरत असताना बोलायचं नाही. वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत आणि खालचा नव्वदच्या आत असला की माणूस ठीक. मशीन पांढरंशुभ्र होतं. खोक्यावर एका गोऱ्या म्हाताऱ्याचा हसरा फोटो, खाली 'जर्मन तंत्रज्ञान' आणि 'शासनमान्य'. मग त्यानं पडवीच्या खांबाला फलक ठोकला: नाडीराज तपासणी केंद्र, शेळगाव. संचालिका, श्रीमती छबूबाई. चूर्णाचे डबे तिच्या कपाटात राहायचे, पण विकायला तो महिन्यातून एकदा स्वतः यायचा. तिनं फक्त बीपी बघायचं आणि वहीत लिहायचं. त्याबद्दल तिला काही मिळणार नव्हतं आणि तिनंही विचारलं नाही. अविराज गेल्यावर ती बराच वेळ फलकाखाली उभी होती. सातवीपर्यंत शिकलेली बाई, सगळी अक्षरं लागली. श्रीमती हा शब्द तिनं दोनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहनराव आले. कारखान्यावर वॉचमनकी करून निवृत्त झालेले, घरात सुनेच्या पायात पायात येणारे गृहस्थ. त्यांनी हात पुढं केला तो तपासायला द्यावा तसा नाही, हातकड्या घालून घ्याव्यात तसा.

"बघा आत्या, जगतोय का न्हाय."

"बोलू नगा. मशीन चुकतं."

"माझी मालकीण बी हेच म्हनायची. बोलू नगा, माझं चुकतं."

मशीन गुरगुरलं, फुसफुसलं, आकडा आला. मोहनराव ठीक होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर आणखी दोघं आले, आठवड्यात पडवीत चटई टाकावी लागली. दूध घालून परतणारे, बसची वाट बघणारे, भाजी तोडायला निघालेल्या बायका. हात धरून पट्टा गुंडाळायचा, मग मिनिटभर गप्प राहायचं. चौतीस वर्षांत छबूबाईच्या हातात इतक्या माणसांचे हात आले नव्हते. कुणाचा हात खरखरीत, कुणाचा गार, कुणाच्या मनगटावर जुन्या बांगडीचा घट्टा. ते मिनिट संपलं की माणूस लगेच उठत नसे. "काय निघालं?" म्हणून बसायचा, आणि बसला की बोलायचा.

आता हे 'काय निघालं' नीट समजून घ्यायला पाहिजे. शहरात बीपी वाढतं किंवा कमी होतं. इंदापूर-बारामतीच्या रानात तसं नसतं. इथं बीपी एकतर हाय असतं किंवा न्हाय असतं, म्हणजे आहे किंवा नाही. गावात पाहुणा आहे किंवा नाही, तसंच. मुक्ताबाईला तीन वर्षांपूर्वी बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आजी, तुमचं बीपी हाय आहे." मुक्ताबाई घरी येऊन सगळ्यांना हसून सांगत होती, "शिकलेला डाक्टर, पर एकच गोष्ट दोनदा बोलतुया. हाय बी म्हनतुया आन आहे बी म्हनतुया." डॉक्टरांनी इंग्रजी शब्द वापरला होता हे तिला कुणी सांगितलं नाही. बीपी आहे एवढं तिला कळलं, रोज सकाळी गोळी घ्यायची हेही कळलं, आणि ती घ्यायला लागली.

छबूबाईनंही तीच भाषा धरली. आकडे कुणाच्या लक्षात राहतात. एकशे वीस-ऐंशी आलं की ती मोठ्यानं म्हणायची, "न्हाय. बीपी न्हाय." ऐकणाऱ्याचा चेहरा खुलायचा. कुणाला तरी आपण रोज काहीतरी चांगलं सांगतो ही गोष्ट तिला फार गोड लागली. आणि देवाच्या कृपेनं म्हणा किंवा गावच्या हवेनं, बीपी कुणालाच नव्हतं.

मुक्ताबाई कॅनॉलच्या पलीकडच्या वस्तीवर राहायची. साठी उलटलेली, विधवा, अंगानं भरलेली, चालताना धापणारी, हसली की सगळी हलायची. नात्यानं छबूबाईची भावजयच, कारण गावची सून. ती दुपारी तीनला यायची ती पाच वाजेपर्यंत हलायची नाही. येताना पदराखाली काहीतरी असायचंच: चार पेरू, वाटीभर ठेचा, नाहीतर नुसतीच कुणाची तरी बातमी. आधी बीपी, मग चहा, मग गप्पा. सुनेच्या कागाळ्या सांगताना ती सुनेसारखं बोलून दाखवायची, आणि छबूबाई हसताना तोंडावर पदर धरायची, कारण समोरचे दोन दात पडले होते. बाकीची माणसं येऊन जायची. मुक्ताबाई मात्र आली नाही तर छबूबाई साडेतीनला पुलापर्यंत जाऊन बघून यायची.

थंडीच्या दिवसांत सलग पंधरा-वीस दिवस "बीपी न्हाय" ऐकल्यावर मुक्ताबाईनं विचारलं, "न्हाय म्हंजी गेलंच का वो वन्सं?"

"मशीन तर न्हाय म्हनतंय."

चार दिवसांनी तिनं पट्टा सोडता सोडता सांगितलं, "गोळ्या बंद केल्या बगा. तुमच्या हाताला गुण हाय."

छबूबाईनं काहीतरी बोलायला हवं होतं. तिला ते तेव्हाही कळलं. पण तुमच्या हाताला गुण आहे असं तिला जन्मात कुणी म्हणालं नव्हतं. ती उठली आणि चहात दूध जरा जास्तच घातलं.

फाल्गुनात एकदा मुक्ताबाई आली ती खांबाला धरूनच बसली. डोकं फुटतंय म्हणाली, डोळ्यांपुढं काजवे चमकतायत म्हणाली. चेहरा लालबुंद. छबूबाईनं पट्टा बांधला. एकशे बावीस-ऐंशी. तिनं परत बांधला. एकशे वीस-ऐंशी.

"न्हाय," ती म्हणाली. "उनाचं झालं आसंल. पडा जरा."

मुक्ताबाई चटईवर आडवी झाली आणि छबूबाईनं वही उघडली. त्या दिवशीची सकाळ, कालचा दिवस, परवाचा. मोहनराव एकशे बावीस. संजीवनी एकशे वीस. ओझं उचलून धापा टाकत आलेला हमाल एकशे बावीस. पानं उलटत ती दिवाळीपर्यंत मागं गेली. एकशे अठराच्या खाली कुणी नाही, एकशे सव्वीसच्या वर कुणी नाही. तिनं वही मिटली.

दुसऱ्या दिवशी तिनं अविराजला फोन लावला. तो हसला. "मग चांगलंच हाय की आत्या. सगळं गाव फिट हाय म्हनायचं. पान्याचा गुण." त्या उत्तरावर तिनं विश्वास ठेवला असं म्हणता येणार नाही. तिनं ते उत्तर घेतलं आणि ठेवून दिलं. मशीन बंद केलं तर पडवीत कोण येणार होतं?

चैत्रात मुक्ताबाई पळसदेवला गेली, लेकीकडं. लेक अनिता, तिचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. दोन महिने तरी घर बघायला कुणीतरी हवं होतं. जाताना मुक्ताबाई म्हणाली, "तिकडं कुनाला दावू मी हात? तुमीच या एकदा." छबूबाई येते म्हणाली. दुपारी तीन ते पाच पडवी रिकामी राहू लागली.

मे महिन्यातल्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास पांढरी जीप पडवीपुढं थांबली. मोहनरावांच्या दंडाला तेव्हा पट्टा बांधलेला होता. जीपमधून तिशीची एक बाई उतरली, सुती ड्रेस, गळ्यात ओळखपत्र, मागं फायली घेतलेले दोघे जण. औषध निरीक्षक म्हणून तिनं ओळख सांगितली आणि नमस्कार केला. बारामतीत कंपनीच्या गोदामावर कालच छापा पडला होता. तिथं सापडलेल्या यादीत बावीस केंद्रं होती. शेळगाव नवव्या क्रमांकावर.

"संचालिका तुम्हीच का?"

छबूबाईनं मान हलवली.

"आजोबा, पट्टा काढायचा का?" निरीक्षकबाई म्हणाली.

"काडा की. मला अटक न्हाय ना?"

"तुम्हाला कशाला? तुम्हाला पंच करते. बसा इथंच." दुसरा पंच म्हणून गोकुळतात्यांचा मुलगा विशाल याला रानातून बोलावून घेतलं. एव्हाना रस्त्यावर दहा-पंधरा माणसं जमली होती.

कपाटातले चूर्णाचे अठरा डबे बाहेर आले. एका डब्यावरचं लेबल निरीक्षकबाईनं नखानं अलगद सोडवलं. खाली दुसऱ्याच कशाचं तरी लेबल होतं, दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेलं. चूर्णात दुखणं मारणारी इंग्रजी औषधं कुटून घातल्याचं गोदामातल्या नमुन्यात दिसत होतं, तपासणीला पाठवलंय, असं ती पंचांना सांगत गेली. मग तिनं मशीन हातात घेतलं. आजूबाजूला पाहिलं. पडवीत बाज होती. तिनं बाजेच्या पायाला पट्टा गुंडाळला, नीट, वर दोन बोटं सोडून, आणि बटण दाबलं.

मशीन गुरगुरलं. सगळे गप्प. फुसफुस झाली आणि आकडा आला.

"वाचा आजोबा."

मोहनरावांनी चष्मा वर केला. "एकशे चोवीस. खाली ऐंशी." ते जरा थांबले. "बाजेला बीपी न्हाय."

लोक हसले. विशालही हसला. निरीक्षकबाईनं ओठ दाबले आणि कागदावर लिहायला सुरुवात केली. कुणाच्याही हाताला बांधा नाहीतर लाकडाला, आतली चिप ठरावीक आकडेच दाखवते, असं तिनं समजावून सांगितलं. छबूबाई खांबाला टेकून उभी होती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. तिच्या नव्हतं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती खाली बघत होती.

पंचनामा वाचून दाखवला. वहीही जप्त झाली. छबूबाईनं जिथं दाखवलं तिथं सही केली. तिची स्वतःची प्रत मिळाली, त्यावर निरीक्षकबाईचा फोन नंबर होता.

"मावशी, तुमच्यावर राग नाही. तुम्हाला फसवलंय," निरीक्षकबाई तिला बाजूला घेऊन म्हणाली. "पण एक नीट आठवून सांगा. ह्या मशीनवर भरवसा ठेवून कुणी चालू गोळ्या बंद केल्यात का? असलं काही असेल तर ते जिवावर बेततं. मेंदूत रक्तस्राव होतो. आज सांगितलंत तर आज माणूस पाठवते."

रस्त्यावर माणसं उभी होती. संजीवनी कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"न्हाय," छबूबाई म्हणाली.

जीप गेली. फलक काढून नेला होता, खांबावर चार भोकं राहिली. त्या दिवसापासून गावाला नवा खेळ मिळाला. "आत्या, आमची म्हस दमलीया, बीपी बघता का?" "आत्या, टेम्पोचं बीपी हाय का न्हाय?" मोहनराव इंदापूरला जाऊन खरं बीपी तपासून आले. ते खरोखरच ठीक होते. गोष्ट सांगायला म्हणून ते एकदा पडवीशी थांबले, पण चटई नव्हती, मग उभ्यानंच सांगून निघाले. बाकी कुणी थांबलं नाही. बुधवार गेला. तीन वाजता चूल पेटवायला ती उठली आणि, मुक्ताबाई गेल्यापासून रोज व्हायचं तसंच, चहा एकाच कपाचा करायचा हे आठवून तिनं पातेलं बदललं. ते "न्हाय" तोंडातून निघून गेलं होतं. आता ते परत कसं घ्यायचं हेच तिला सुचत नव्हतं. ते म्हणताना तिच्या डोळ्यांपुढं मुक्ताबाईचा चेहरा होता, काजवे चमकतायत म्हणताना होता तो.

गुरुवारी तिनं पळसदेवला फोन केला. अनितानं उचलला. "आई? हाय की. भांडी घासतीया. थांबा, देते."

"वन्सं," मुक्ताबाईचा आवाज आला, मागं नळाचा आवाज. "मला वाटलं इसरलासा."

"बरं हाय ना तुमचं?"

"बरंच हाय. डोकं तेवढं धरतंय सकाळचं. ऊन किती पडलंय बगा. आन हात बधिर हुतुया मधनंच, भांड्यांनी. मला काय हुतंय, तुमी न्हाय म्हनलाय ना."

सांगायचं ते छबूबाईच्या ओठावर होतं. पण फोनवर बोलणं पुरं होईना, पलीकडं कुकरची शिट्टी झाली, आणि मुक्ताबाईनं "या मंग एकदा" म्हणून फोन लेकीकडं दिला.

शुक्रवारी सकाळी छबूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली. अंगणातून संजीवनीनं विचारलं, "वन्सं, कुटं निघालासा?"

"पळसदेवला."

"तितं काय काढलं आता? मशीन तर न्हेलं." तिच्या मनात वाईट नव्हतं, तिला खरंच नवल वाटलं होतं. छबूबाई गेल्या पाच-सहा वर्षांत लग्नकार्य सोडून कुठं गेली नव्हती.

एसटीनं इंदापूर, तिथून भिगवणच्या गाडीनं हायवेवर पळसदेवचा फाटा. मेमध्ये धरणाचं पाणी दूर आत सरकलेलं. जुन्या देवळाचा कळस उघडा पडला होता, चिखलाला भेगा गेल्या होत्या आणि काठावर जाळी वाळत होती. अनिताचं घर विचारत विचारत ती पोचली तेव्हा बारा वाजले होते.

मुक्ताबाई दारातच भेंडी निवडत बसली होती. छबूबाईला बघून तिनं सूप बाजूला सारलं आणि दोन्ही हात जमिनीला टेकून उठली. "आगं अनिता, बघ कोन आलंय. वन्सं आल्यात. माझ्यासाठी आल्यात." तिचा चेहरा सुजल्यासारखा होता, डोळ्यांत लाल शिरा. ती छबूबाईला हात धरून आत घेऊन गेली आणि तो हात तिनं सोडलाच नाही.

पाणी झालं, चहा झाला. अनितानं धरणातल्या चिलापी माशाचं कालवण केलं होतं, ते वाढलं. मुक्ताबाई तोंड भरून बोलत होती. शेळगावात काय चाललंय, पुलाचं काम झालं का, मोहनराव अजून सुनेला वैताग देतात का. तिच्यापर्यंत जप्तीची बातमी आली नव्हती. छबूबाई घास घोळवत होती. असं जेवायला कुणी शेजारी बसवून तिला किती वर्षं झाली होती. सांगून टाकलं की हे संपणार, हे तिला लख्ख दिसत होतं. थोडं जेवण होऊ दे, असं तिनं ठरवलं. मग हात धुऊन होऊ देत असं ठरवलं.

हात धुऊन मुक्ताबाई भिंतीला टेकली आणि डावा हात चोळायला लागली.

"वैनी," छबूबाई म्हणाली, "तुमाला बीपी हाय."

मुक्ताबाई हसली. "मशीन आनलंय व्हय पिशवीत?"

"मशीन न्हेलं सरकारनं. खोटं हुतं ते. बाजेच्या पायाला बांदलं तर एकशे चोवीस दावलं. साऱ्या गावाफुडं."

"बाजेच्या पायाला?" मुक्ताबाईचं हसू वाढत गेलं. तिला ते सगळं दिसलं असावं, बाज, पट्टा, मोहनराव. ती हसता हसता हलायला लागली. "आगं बया. म्हंजी मी आन बाज सारखीच." मग हळूहळू ती थांबली. "म्हंजी मला सांगत हुतासा ते..."

"ते खोटं. गोळी चालू करा. आजच. आत्ता चला दवाखान्यात."

अनिता ओट्यापाशी उभी होती ती पुढं आली. "किती दिस झाले आईनं गोळी सोडून?"

थंडीपासूनचे महिने तिघींनीही मनात मोजले.

"तुमाला कवा कळलं?" मुक्ताबाईनं विचारलं.

मंगळवारी, असं म्हणता आलं असतं. गावानंही तेच मानलं होतं, सरकारी कागदावरही तेच होतं, तिला फसवलंय असंच त्यात लिहिलं होतं. छबूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"फाल्गुनात. तुमी खांबाला धरून बसला हुता त्या दिशी. वही बगितली मी. सगळ्यांचं सारखंच हुतं."

"मग बोलला का न्हाई?"

"बोलले असते तर मशीन बंद करावं लागलं असतं. मग तुमी आला नसता."

मुक्ताबाईनं हात चोळायचं थांबवलं. "आले असते की," ती म्हणाली. "मी काय मशीनसाठी येत हुते?" त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग तिनं डोळे मिटले आणि अनिताला म्हणाली, "घे गाडी. चक्कर आल्यागत हुतंय."

उपकेंद्र गावातच होतं. अनितानं स्वतःच्या ऑपरेशनचा विचार न करता स्कूटरवर मागं आईला बसवून, तिला साडीच्या पदरानं स्वतःच्या कमरेशी बांधून नेलं. छबूबाई मागून चालत गेली. ती पोचेपर्यंत नर्सबाईनं दोनदा बीपी मोजलं होतं. एकशे शहाण्णव-एकशे बारा. एक गोळी दिली होती आणि लगेच इंदापूरला न्या म्हणाली होती. शेजारच्या घरातली जीप दारात आली. पुढं ड्रायव्हर, मधल्या सीटवर मुक्ताबाई, तिला धरून अनिता. मागच्या दोन्ही बाकांवर कुणी नव्हतं.

"मी येते," छबूबाई म्हणाली.

मुक्ताबाईनं सीटवर टेकवलेली मान न वळवता सांगितलं, "छबूबाईस्नी फाट्यावर सोडा म्हनावं कुनीतरी. उन्हाच्या आल्यात."

छबूबाई. मुक्ताबाई तिला कधी नाव घेऊन हाक मारायची नाही, वन्संच म्हणायची. दार लागलं, जीप गेली. फाट्यावर सोडायला कुणी आलं नाही, आणि छबूबाईनं कुणाला तसं सांगितलंही नाही.

ती चालत हायवेला आली. इंदापूरकडची गाडी अर्ध्या तासानं मिळाली. स्टँडवर उतरून तिनं दवाखाना विचारला आणि व्हरांड्यातल्या बाकावर टेकली. आत पडद्यामागं लगबग चालली होती. अनिता एकदा औषधं घेऊन पळत आत गेली. तिनं बाकाकडं पाहिलं की नाही कळलं नाही. छबूबाईनं पिशवीतून पंचनाम्याची घडी काढली, शेजारी बसलेल्या मुलीकडून त्यावरचा नंबर लावून घेतला.

"म्याडम, मी शेळगावची छबूबाई. मंगळवारी तुमी इचारलं हुतं, कुनी गोळ्या बंद केल्यात का. मी न्हाय म्हनले." तिनं घसा साफ केला. "हाय. एक बाई हाय. आत दवाखान्यात हाय ती. आन अजून दोघं-तिघं असतील. वही तुमच्याकडं हाय, पर मला नावं तोंडपाठ हायत. घ्या लिहून."

एकेक नाव ती सावकाश सांगत गेली. कोण कुठल्या वस्तीवर राहतो, कोण कधी यायचा, कुणाची कसली गोळी चालू होती. पलीकडं निरीक्षकबाई लिहीत होती. मधेच तिनं "मावशी, तुम्ही बरं केलंत" असं म्हटलं. छबूबाई पुढचं नाव सांगायला लागली.

साडेचारला अनिता बाहेर आली. पदरानं मान पुसत ती बाकापासून जरा अंतरावर उभी राहिली.

"उतरलंय. एकशे साठवर आलंय. डाक्टर म्हनले, अजून दोन-चार दिस असंच गेलं असतं तर एक बाजू लुळी पडली असती. गोळी आता जलमभर. एक रात ठेवून घेनार हायत."

"बरं झालं," छबूबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "मी बगून येऊ का जरा? बोलत न्हाय. नुसती बगून येते."

अनिता आत गेली. पडदा अर्धा बाजूला राहिला होता. त्याच्या फटीतून छबूबाईला खाटेची कड दिसत होती, आणि मुक्ताबाईचा उजवा हात. त्या हातात कागदाचा पुठ्ठा होता आणि ती त्यानं सावकाश वारा घेत होती. अनिता वाकून काहीतरी बोलली. पुठ्ठा थांबला. मग परत हलायला लागला.

अनिता बाहेर आली. "झोपलीया," ती म्हणाली.

"झोपू दे," छबूबाई म्हणाली. "उटवू नगंस." आणि पिशवी उचलून तिनं शेळगावकडची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते विचारून घेतलं.